अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ: जन्मापासून पहिल्या वर्षापर्यंत काय करायचं

बाळाचं वजन अडीच किलोच्या आत भरलं की घरचे आधी एकच विचारतात: जगेल ना? आपल्या देशात हा प्रश्न फार घरांत विचारला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार, वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळं जन्मतः अडीच किलोपेक्षा हलकी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं याच प्रश्नावर गावागावांत काम केलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली. आधी कमी वजनाच्या दर 100 बाळांमागे 11 दगावत होती, काही वर्षांत ते प्रमाण 5 च्या खाली आलं. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की बाळं जन्माला येताना फारशी जड झाली नव्हती. वजन जवळपास तेच राहिलं, काळजी बदलली. ऊब, आईचं दूध, स्वच्छता आणि बिघाड दिसताच उपचार, एवढ्यावर हा फरक पडला.

म्हणून काट्यावरच्या आकड्यानं हातपाय गाळू नका. पण आकडा हलक्यातही घेऊ नका.

आकड्यामागचं बाळ ओळखा

अडीच किलोच्या आत ते कमी वजन, दीड किलोच्या आत ते अतिशय कमी, आणि एक किलोच्या आतलं बाळ सर्वांत नाजूक. यासोबत डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: बाळ किती आठवड्यांचं आहे? कारण दोन किलो दोनशे ग्रॅमची दोन बाळं सारखी नसतात. एक पूर्ण दिवस भरून आलेलं पण पोटात पोषण कमी पडलेलं असतं. ते दिसायला रोड, पण बहुतेक वेळा डोळे टक्क उघडे आणि दूध ओढायला तयार. दुसरं 35 आठवड्यांतच आलेलं असतं. ते दिसायला गुटगुटीत असलं तरी चटकन थंड पडतं, दोन घोट पिऊन झोपी जातं आणि त्याची कावीळ जास्त चढते. घरचे फसतात ते या दुसऱ्या बाळाच्या बाबतीत. 'शांत आहे हो, रडत नाही' असं कौतुकानं सांगितलं जातं, आणि प्रत्यक्षात ते दमलेलं असतं.

'सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे ऐकून कितीतरी आया रात्रभर रडलेल्या असतात. हे साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसं आणि मेंदू बळकट करतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्या महिन्यातल्यापेक्षा केव्हाही जास्त सुरक्षित असतं.

दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर

पोटात कळा, पाणी जाणं किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. 24 ते 34 आठवड्यांदरम्यान बाळंतपण लवकर होण्याची शक्यता असेल तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. दर बारा तासांनी 6 मिलिग्रॅम, असे चार डोस असतात. यानं बाळाच्या फुप्फुसांना जन्मल्यावर श्वास घेण्याची तयारी करता येते. जमेल तर ज्या रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथेच बाळंतपण व्हावं. बाळाला जन्मानंतर गाडीतून नेण्यापेक्षा त्याला आईच्या पोटातच नेणं केव्हाही बरं.

पहिला तास

खोली उबदार हवी, म्हणजे 25 अंशांच्या वर, पंखा आणि एसी बंद. बाळ बाहेर येताच कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, ओलं कापड बाजूला टाकायचं आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. बाळ रडत असेल, श्वास नीट असेल तर नाळ किमान एक मिनिटानं कापतात. तेवढ्या वेळात बाळाला जादा रक्त मिळतं. अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढायचा नाही आणि अंघोळ अजिबात घालायची नाही. रक्तस्राव टाळण्यासाठी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलंय का, ते विचारून घ्या.

साधारण 1800 ग्रॅमच्या आतलं किंवा 34 आठवड्यांच्या आतलं बाळ सरकारी रुग्णालयात एसएनसीयूमध्ये, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्षात भरती करतात. हे कक्ष जिल्हा रुग्णालयांत आणि स्त्री रुग्णालयांत असतात. त्याहून वजनदार आणि धडधाकट बाळ आईजवळच राहू शकतं, पण पहिले दोन-तीन दिवस त्याची रक्तातली साखर तपासत राहावी लागते. लहान बाळाकडे साखरेचा साठा नसतो आणि साखर उतरली की ते मुकाट्यानं सुस्तावतं.

बाळ कक्षात असताना तुम्ही काय करायचं

काचेआड नळ्या, मॉनिटरचा आवाज, आणि आई बाहेर बाकावर. या दिवसांत आईला वाटतं की आपला काही उपयोगच नाही. खरं तर या काळात तिच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नसतो. नळीतून प्राणवायू, नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप, श्वास थांबू नये म्हणून कॅफीन, काविळीसाठी निळा प्रकाश हे सगळं डॉक्टर-नर्स बघतील. दूध मात्र आईच देऊ शकते, आणि ऊबही.

दूध काढायला बाळंतपणानंतर जमलं तर पहिल्या तासात, नाहीतर सहा तासांच्या आत सुरुवात करा. बाळ दोन आठवड्यांनी अंगावर पिणार असलं तरी दूध आत्तापासून काढलं नाही तर आटतं. 24 तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. हात साबणानं धुवा, स्तनांना कोमट कापडाचा शेक द्या, बोटांनी हलकेच गोल चोळा. मग अंगठा स्तनाच्या काळ्या भागाच्या वरच्या कडेला आणि दोन बोटं खालच्या कडेला ठेवा. आधी छातीच्या दिशेनं मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. स्तनाग्र ओढायचं नाही. तीन ते पाच मिनिटांनी बाजू बदला, असं वीस-तीस मिनिटं. पहिल्या दिवशी चमचाभर पिवळा चीक निघेल. ते वाया घालवू नका, 'एवढंसंच आलं' म्हणून रडू नका. एवढ्याशा पोटाला तेवढंच लागतं आणि त्या थेंबांत संसर्गाशी लढायची ताकद असते.

काढलेलं दूध झाकून, वेळ लिहून ठेवा. खोलीत ते चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. फ्रिजमध्ये 24 तास. गॅसवर उकळू नका, कोमट पाण्याच्या वाटीत वाटी ठेवून गार मोडा. आईला दूध कमी असेल तर पावडरीच्या डब्याकडे वळण्याआधी रुग्णालयात दूधपेढी आहे का विचारा. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केली. दान केलेलं दूध तिथे 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात.

किती दूध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, पण हिशेब समजून घ्या म्हणजे विचारता येतं. 1.8 किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे 60 मिलिलिटर धरले तर दिवसाचे 108 होतात. दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी 9 मिलिलिटर. रोज थोडं वाढवत आठवड्याभरात किलोमागे 150 पर्यंत नेतात, म्हणजे एका वेळी साधारण 22. चमच्यानं मोजा, डोळ्यांनी नको.

कसं द्यायचं ते बाळाच्या दिवसांवर ठरतं. 32 आठवड्यांच्या आतल्या बाळाला बहुधा तोंडातून पोटात नळी घालून देतात, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड त्याला अजून जमत नाही. 32 ते 34 आठवड्यांदरम्यान वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोचीसारखं टोक असलेलं दूध पाजायचं छोटं भांडं. 34 नंतर बहुतेक बाळं अंगावर ओढू लागतात. बोंडलं आपल्या घरांतून नाहीसं होत चाललंय आणि त्याच्या जागी बाटली आलीय. माझं स्पष्ट मत आहे की या बाळांसाठी बाटली घरात आणूच नये. तिचं बूच आणि निपल नीट धुतलं जात नाही, आणि बाळ अंगावर प्यायला नाकारतं.

बोंडल्यानं पाजताना बाळ जागं हवं. त्याला अर्धवट उभं धरा, मानेला हाताचा आधार, गळ्याखाली कापड. बोंडल्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी टेकवा आणि थोडे थेंब सोडा. घोट गिळलेला दिसला की पुढचे थेंब. ओतायचं नाही. ठसका लागला, ओठ निळसर झाले किंवा बाळ थकलं तर थांबा. नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. बोंडलं साबणानं धुऊन दर वेळी उकळून घ्या.

कांगारू काळजी

1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या (इनक्युबेटर) कमी पडायला लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. तिथून ही पद्धत जगभर गेली. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते 1.8 किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू काळजी दिली तेव्हा मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. हे वाचल्यावर तुमच्या डॉक्टरांना 'आम्ही कांगारू कधी सुरू करू?' असं पहिल्याच दिवशी विचारा. रुग्णालयानं स्वतःहून सुचवायची वाट बघू नका.

पद्धत अशी. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आईनं पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालावा, आतून काही नको. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवा, त्याची छाती आईच्या छातीला. मान एका बाजूला वळवा आणि किंचित वर करा, म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, हे सतत बघायचं. हात वाकलेले, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून सुती ओढणी किंवा जुनं लुगडं असं गुंडाळा की वरची कड बाळाच्या कानाखाली येईल. पट्टा घट्ट हवा, पण बाळाचं पोट श्वासाबरोबर हलायला जागा हवी.

एका वेळी किमान एक तास, कारण बाळ सतत काढ-घाल केल्यानं त्याला त्रासच होतो. दिवसात आठ तासांपासून जितका जास्त वेळ जमेल तितका. आई बसू शकते, फिरू शकते, जेवू शकते. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट टेकून झोपावं, सपाट पडून नको. आईला विश्रांती हवी तेव्हा बाबा, आजी, मावशी, कोणीही निरोगी माणूस चालतो. पुरुष लाजतात, पण एकदा बाळ छातीवर झोपलं की तेच 'अजून थोडा वेळ राहू दे' म्हणतात. बाळ साधारण अडीच किलोचं झालं आणि पट्ट्यातून हातपाय काढून सुटायला धडपडू लागलं की कांगारू आपोआप थांबतं.

घरी आल्यावर ऊब

बाळ तोंडानं नीट पिऊ लागलं, काही दिवस सलग वजन वाढलं आणि तापमान स्वतः टिकवू लागलं की घरी सोडतात. खरी परीक्षा आता सुरू होते, कारण इथे मॉनिटर नसतो. पण तुमचा हात आहे. दिवसातून चार-पाच वेळा हाताच्या मागच्या बाजूनं बाळाचं पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही उबदार असतील तर उत्तम. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय, लगेच कांगारूत घ्या. पोटही गार लागलं तर धोका आहे. काखेत थर्मामीटर लावल्यावर तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस दरम्यान हवं. कांगारूत तासभर घेऊनही वाढलं नाही, किंवा 35.5 च्या खाली असेल तर दवाखाना.

या बाळांच्या कातडीखाली चरबी नसते आणि वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून ती इतक्या चटकन थंड पडतात. थंडीचे दिवस असोत वा पावसाळा, टोपडं काढू नका. वजन दोन किलोच्या वर जाईपर्यंत अंघोळ नको, कोमट ओल्या कापडानं एकेक भाग पुसून लगेच कोरडा करा. मात्र उन्हाळ्यात विदर्भात घरच तापलेलं असतं. तिथे तीन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ तापतं. ताप 37.5 च्या वर दिसला तर कपडे कमी करून अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. तरी उतरला नाही तर घरी औषध न देता दाखवा.

आजीशी इथे वाद होतात, आणि ते प्रेमानं मिटवावेत. खाटेखाली शेगडी आणि धुरी नको, बंद खोलीतला धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. मध, गुटी, साखरपाणी काही नको, सहा महिने फक्त आईचं दूध. काजळ नको. नाळेवर हळद, राख, तेल काहीही नको, नाळ कोरडी आणि लंगोटाच्या वर ठेवा. टाळूवर तेल भरून चोळणं नको. अंगाला खोबरेल तेल हलक्या हातानं, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, उबदार खोलीत लावायला हरकत नाही. आजीला तेच काम द्या, आणि कांगारूची एक पाळीही द्या.

बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं साबणानं हात धुवावेत. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच नमस्कार. बारसं पुढे ढकलता येतं. नाव घरच्या घरी ठेवून ठेवा, गर्दी वजन वाढल्यावर जमवा.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत येतं. मग दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. लघवी दिवसातून सहा ते आठ वेळा होत असेल तर दूध पुरतंय. बाळ झोपलंय म्हणून दूध चुकवू नका. दर दोन तासांनी उठवा, तळपायाला हलकेच चोळा. आणि बाळाच्या नादात आईचं ताट विसरू नका. भाकरी, डाळ, भाजी, अंडी, अळिवाचे लाडू, भरपूर पाणी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत सोडून द्या. ती गप्प गप्प राहते, रडते, बाळाकडे बघत नाही असं दिसलं तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. 'तुझ्याच खाण्यानं असं झालं' हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये.

लगेच निघायची वेळ

बाळ दूध पिणं सोडतं किंवा एकदम कमी करतं. डिवचल्याशिवाय हलत नाही. श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त चालतो (पूर्ण मिनिट मोजा, जास्त आला तर पुन्हा मोजा), छाती आत ओढली जाते, कण्हण्याचा आवाज येतो. झटके येतात. ओठ-जीभ निळसर होतात. श्वास 20 सेकंदांहून जास्त थांबतो. कमी दिवसांची बाळं पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा श्वास घेतात, ते चालतं. तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा उतरतो. पोट फुगून टणक होतं, उलटी हिरवी होते. नाळेतून पू येतो. यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, देवऋषीकडे नेऊ नका आणि काविळीसाठी उन्हात धरू नका. रक्तात पसरलेला संसर्ग या वयात काही तासांत जीव घेतो.

108 ला फोन करा. बाळ आईच्या छातीला कांगारूत बांधूनच न्या, सर्व कागद सोबत घ्या, पिऊ शकत असेल तर वाटेत दूध द्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याचं वाहन मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर हे ठणकावून सांगा.

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, वजन करतात, ताप आणि श्वास मोजतात. गडचिरोलीत आकाराला आलेली ही पद्धत आता देशभर राबवली जाते.

तारखा ज्या चुकवायच्या नाहीत

यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी तपासणी डोळ्यांची. दोन किलोच्या आतलं किंवा 34 आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर जन्मानंतर 30 दिवसांच्या आत पडदातज्ज्ञाकडून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. फारच लहान बाळांची तपासणी दोन-तीन आठवड्यांतच करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. डोळा बाहेरून अगदी छान दिसतो, बाळ दिव्याकडे बघतंही, आणि आत नजर जात असते. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन दिलं तर ती वाचते. घरी सोडण्याच्या कागदावर ही तारीख लिहिली नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.

कानांची तपासणीही त्याच सुमारास. कक्षात राहिलेल्या बाळाची मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी करून घ्यावी. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज 400 युनिट, आणि लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील त्या आठवड्यापासून. आईकडून मिळणारा लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, तो या बाळांना पुरेसा मिळालेला नसतो. लशी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, 'बाळ लहान आहे' म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत.

वाढ मात्र जन्मतारखेनं मोजू नका. आठ आठवडे आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं की ते दोन महिन्यांचं धरा. शेजारचं बाळ मान धरतंय आणि आपलं नाही, ही चिंता निम्म्या घरांत या एका वजाबाकीनं मिटते. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची. ती करूनही चार महिन्यांत मान धरली नाही, मुठी सारख्या घट्ट मिटलेल्या राहिल्या, पाय कात्रीसारखे आवळले गेले किंवा बाळ आवाजाला दचकत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. तिथे व्यायामोपचार, वाचा आणि श्रवण यांची मदत मिळते. पहिल्या वर्षात सुरू केलेल्या व्यायामाला मेंदू जितका साथ देतो तितका तो पुढे देत नाही.